मागच्या भिंतीतलं भोक

आंघोळीच्या पाण्याचे गॅस-बॉयलर बसवणाऱ्या मिस्त्रींना सगळी गल्ली ‘नियमशास्त्री’ म्हणायची. ती थट्टा होती, पण मिस्त्रींना तो मान वाटायचा. गिऱ्हाईक ओळखीचं असो की अनोळखी, बाथरूममध्ये पाऊल टाकलं की ते आधी भिंती बघायचे.

“ज्या बॉयलरची आग खोलीतलीच हवा खाते, तो इथे बसणार नाही. बंद पेटीचा आणा. त्याला हवा बाहेरची, धूरही बाहेर. म्हणजे बाहेरच्या भिंतीला भोक. भोक नाही, तर बॉयलर नाही.”

गिऱ्हाईक कुरकुरलं, की मिस्त्री हत्यारांची पिशवी उचलून सरळ चालू लागायचे. त्यांनी बसवलेल्या बॉयलरमुळे आजवर कुणाला साधी भोवळसुद्धा आली नव्हती, आणि हे काही थोडंथोडकं नव्हे.

पण दिव्याखाली अंधार. मिस्त्रींच्या घरात मात्र त्यांची बायको शेगडीवर पातेलं तापवायची आणि उंबऱ्याची ठेच लागू नये म्हणून पाऊल चाचपत ते बाथरूममध्ये न्यायची. संधिवाताने तिच्या बोटांची पेरं सुजली होती.

“गावाला गरम पाणी, आणि मी घरचा पाणक्या,” ती म्हणायची. आधी आधी हसून म्हणायची.

“अगं, पण बसवू कुठे?” मिस्त्री हात उडवायचे. विजेचा गिझर घराच्या जुन्या तारांना झेपणार नव्हता. पुढची भिंत सगळ्यांच्या जिन्यावर, तिथे धूर सोडायचा नाही. राहिली बाथरूमची मागची भिंत. ती धाकट्या भावाच्या अंगणाला लागून होती.

घराची वाटणी झाली तेव्हा अंगण धाकट्याला गेलं, आणि त्यावरून दोघांचं बोलणं जे खुंटलं ते खुंटलंच. “दुसऱ्याच्या जागेत विचारल्याशिवाय धूर सोडायचा नाही. नियम म्हणजे नियम,” मिस्त्री म्हणायचे. खरंच होतं ते. पण विचारू नये, असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं.

मध्यंतरी गच्चीवरून त्यांना दिसलं, की धाकट्याने त्या भिंतीलगतची आपली खिडकी विटांनी बुजवली. मिस्त्री तणतणतच खाली आले. “बघ! आपलं वारंसुद्धा नकोसं झालंय त्याला. आणि तू म्हणतेस, जाऊन विचारा!”

बायकोने गॅस बारीक केला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, नवऱ्याचा चेहरा बघितला आणि पुन्हा पातेल्याकडे वळली.

त्या थंडीत तिचा ताप छातीत उतरला. दवाखान्यातसुद्धा ती मिस्त्रींना सांगत होती, “तुम्ही गार पाण्याने आंघोळ करू नका हं.” आणि गेली.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली, तेव्हा धाकटा आला. दारातच उभा राहिला. मिस्त्रींनी ‘ये’ म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही.

“दादा, जरा माझ्याकडे चल. एक दाखवायचंय.”

इतक्या वर्षांनी मिस्त्री त्या अंगणात उतरले. बाथरूमच्या भिंतीवर हाताएवढा पत्रा ठोकलेला होता. धाकट्याने तो बाजूला सरकवला. आत गोल, स्वच्छ कोरलेलं भोक होतं, भिंतीच्या अर्ध्या जाडीपर्यंत. बाहेरच्या बाजूला हलका उतारही दिला होता, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“वहिनीने. विचारायला आली होती. मी म्हटलं, माझी काय हरकत असणार? म्हणाली, पाइपाच्या तोंडाजवळ खिडकी चालत नाही, हे त्यांच्या तोंडून रोज ऐकते. म्हणून खिडकी बुजवली.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“मीच आडमुठा,” धाकटा म्हणाला. “म्हटलं, अर्धं मी पाडतो. उरलेलं दादाने पाडावं, पण आधी एकदा येऊन माझ्याशी बोलावं. वहिनी म्हणाली, थांबा, त्यांच्या कलाने घेते. ती थांबली. मीही थांबलो.”

मिस्त्री घरी आले. छिन्नी-हातोडा घेऊन बाथरूममध्ये गेले. विटा जुन्या होत्या, भराभर सुटल्या. एवढंच काम होतं. गिऱ्हाइकाकडे असतं तर चहा निवायच्या आत उरकलं असतं. भोक आरपार झालं आणि उजेडाचा गोल कोपऱ्यात पालथ्या घातलेल्या तिच्या पातेल्यावर पडला. मिस्त्री तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि हुंदके देऊन रडले.

बॉयलर त्यांनी बसवला, सगळ्या नियमांनिशी. पाइपाभोवतीची फट बुजवायची तेवढी बाकी ठेवली होती. आधी पाण्याची चाचणी. नळ सोडला, हात धरला. पाणी आधी गार, मग कोमट, मग चांगलं कढत आलं.

“अगं, ये गं, बघ!” ते ओरडले.

घरात कुणी हललं नाही. थोड्या वेळाने पाइपाच्या फटीतून, पलीकडच्या अंगणातून धाकट्याचा आवाज आला, “दादा, मला बोलावलंस?”

मिस्त्री वाहत्या पाण्याखाली हात धरून उभे होते.

“हो,” ते म्हणाले. “ये.”