अष्टमीची घागर

आमच्या परदेशातल्या मराठी मंडळाला बाई लाडू वळायला चालते, खुर्च्या मांडायला चालते, अध्यक्ष म्हणून चालत नाही. दोन हजार सातच्या दसऱ्यानंतर निवडणूक होती आणि मी उभी राहणार होते. जन्मभर इथल्या युनिव्हर्सिटीत चीनचा इतिहास शिकवून रिटायर झाले, तेवढंही मागू नये?

म्हणून ऑगस्टमध्ये मंडळाच्या एटोबिकोच्या हॉलमध्ये मुद्दाम वू सम्राज्ञीवर बोलले. म्हटलं, ऐका जरा. तेराशे वर्षांपूर्वीची गोष्ट. म्हाताऱ्या सम्राटाची रखेल, तो मेल्यावर मुंडण करून मठात टाकलेली. तिथून परत आली, राज्यापर्यंत पोचली. पंडित म्हणाले, बाईला सिंहासन शास्त्रात नाही. तर बौद्ध भिक्षूंनी एक सूत्र पुढे केलं, देवी बाईचा जन्म घेऊन राज्य करील. ती देवी हीच, म्हणाले. झाली सम्राज्ञी. भिक्षूंना बक्षीस म्हणून जांभळी वस्त्रं.

आमचे अध्यक्ष रविकांत जांभया देत होते. मंडळातली सुनेत्रा मात्र पहिल्या रांगेत, हनुवटीला हात लावून. "नीलिमाताई, किती छान सांगता हो," म्हणाली. मी मेली हुरळले.

नवरात्रात अष्टमीला तिच्याच बेसमेंटमध्ये महालक्ष्मी बसवली. उकडीचा मुखवटा मी केला. धूप घालायचा म्हणून स्मोक अलार्मची बॅटरी माझ्या नवऱ्याने, प्रतापने, स्टुलावर चढून काढली. बायका घागरी फुंकायला लागल्या आणि सुनेत्राच्या अंगात आलं. केस सुटले, आवाज घोगरा झाला. कुणी सुनेच्या बाळंतपणाचं विचारलं, कुणी पोराच्या नोकरीचं. मग रविकांत हात जोडून पुढे झाले.

"आई, मंडळाचं कसं होणार?"

"बाईच्या रूपाने मी येईन. खुर्ची माझी."

"कुठल्या बाईच्या, आई?" हे विचारलं माझ्याच नवऱ्याने.

घागर माझ्यासमोरून घुमत गेली, थांबली नाही.

"जिच्या तोंडाने बोलतेय, तिच्या."

रविकांत पाया पडले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बोलायला तोंड उघडलं, तर प्रतापने दंड धरला. "नीलू, देवीपुढे वाद नको." माझं व्याख्यान त्या खोलीत एकालाही आठवत नव्हतं. आठवत होतं ते फक्त तिला.

निघताना सुनेत्राने केस बांधलेले, आवाज नेहमीचा गोड. "मीटिंगचं इतिवृत्त तुम्हीच लिहायचं हं ताई. तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही." आणि ओटी भरायला पुढे आली.

सवाष्णीने ओटीला नाही म्हणू नये. मी पदर पसरला. वर नारळ होता, खाली तांदूळ आणि खण. खण जांभळा होता.