बारापैकी अकरा

पशुवैद्यकीच्या पदवीत मिरेयाला सरासरी बारापैकी अकरा गुण मिळाले होते, म्हणूनच दूर ताकुआरेम्बोकडच्या एका पशुपालक सहकारी संघानं तिला नेमलं. पहिले तीन महिने लशी टोचण्यातच गेले. जवळचं घर सहा कोसांवर. संध्याकाळी ती एकटीच येर्बाच्या पानांचा कडू काढा नळीनं ओढत बसायची. मोंतेविदेओहून आई फोनवर विचारायची, "करमतंय ना गं?" ती "हो" म्हणायची.

ऑगस्टमधल्या एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी म्हाताऱ्या विल्मारची गाय अडली. मिरेयानं खांद्यापर्यंत हात आत घातला. पाय लागला, पण पुढचा की मागचा, कळेना. गाईला कळ आली की हात चेपून बधिर व्हायचा.

"डॉक्टरीणबाई, ऊब घ्यायला घातलाय का हात?" विल्मार करवादला.

तिनं त्याला रोसानाचा नंबर लावायला सांगितलं. रोसाना तिची वर्गमैत्रीण, शरीररचनेत दोनदा नापास होऊन कशीबशी सुटलेली, पण गोठ्यात सगळ्यांत सराईत. निकालानंतर दोघींचं बोलणंच राहिलं होतं. विल्मारनं फोन मिरेयाच्या कानाशी धरला. तिनं गाय अडल्याचं आणि हाताला लागलेल्या पायाचं सांगितलं.

"घाबरलीस ना? डोळे मीट," रोसाना म्हणाली. "खुरापासून वर जा. पहिले दोन सांधे एकाच बाजूला वाकतात?"

"नाही. उलटसुलट."

"मग मागचा पाय तो. वासरू उलटं आलंय. दुसरा पाय शोध, दोन्हींना दोरी बांध. कंबर बाहेर आली की थांबू नकोस, गुदमरेल."

हेच उत्तर मिरेयानं परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. पैकीच्या पैकी मिळाले होते.

वासरू आलं, शिंकलं. फोन मिरेयाकडे देऊन विल्मार पेंढ्यानं त्याला चोळू लागला.

"कुठे असतेस गं हल्ली?" मिरेयानं विचारलं.

"रिवेरात. कुत्र्यांना आंघोळ घालते." रोसाना हसली. "तुझ्या जागेसाठी मीही अर्ज केला होता. सहा गुण बघून बोलावलंच नाही."

मिरेया एका हातानं वासराच्या पायांची दोरी सोडू लागली.

"गाईकडे बघ आता," म्हणत रोसानानंच फोन ठेवला.

मिरेयानं संघाला सगळं खरं कळवलं आणि रोसानाला घ्या म्हणून लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: नऊ गुणांखालचे अर्ज विचारात घेता येत नाहीत; आपल्यासारखी गुणवंत डॉक्टर लाभल्याचा आम्हाला अभिमान वाटतो.

त्या पत्राचं तिनं रोसानाला कळवलं नाही. नुसतं बोलायला म्हणून दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा धीर झाला नाही. सप्टेंबरात विण्याचा हंगाम भरात आला, आणि दिवसभर बोलायला तिला फक्त गाई उरल्या.