दोरा दिसणार नाही

साल एक्क्याऐंशी. आमच्या तरण तलावावर मुलींचा पाण्यातल्या कवायतींचा संघ होता. गाण्याच्या ठेक्यावर आठ जणींनी एकदम डोकं खाली, पाय वर करायचे. मी तेवीस वर्षांची, संघातली सगळ्यात मोठी. धाकटी बहीण सतराची आणि तिचे पाय सगळ्यांत सरळ.

पाळी आली म्हणून काठावर बसलेलं आम्हाला शिकवणाऱ्या सरांना चालत नसे, त्यामुळे आम्ही सगळ्या टॅम्पॉन, म्हणजे आत सरकवायचा कापसाचा बोळा, वापरायला शिकलो. पण पाय वर केले की तो ओढून काढायचा लोंबता दोरा परीक्षकांना दिसेल, ही धास्ती. आमची कप्तान, मान लांब म्हणून तिला बगळी म्हणायचो, नखं कापायची कात्री घेऊनच यायची. टॅम्पॉन घातला की दोरा मुळापासून कापायचा. काढताना उकिडवं बसून बोळाच बोटांनी ओढायचा.

"गुण पायांना मिळतात, शेपटीला नाही," ती म्हणायची आणि आम्ही फिदीफिदी हसायचो.

स्पर्धा झाल्यावर धाकटी बराच वेळ मोरीत बसली. हाताला काही लागेना.

"अगं, पडला असेल पाण्यात," बगळी बाहेरून म्हणाली. "माझा दोनदा पडलाय. चल, उशीर होतोय."

पाळी संपतच आली होती. धाकटीने तो विषय डोक्यातून काढून टाकला.

मग दोन-तीन दिवसांनी सकाळी ती तापाने फणफणून उठली. उलट्या, जुलाब, आणि उन्हात भाजल्यासारखं लालभडक अंग. "डुंबा अजून म्हशींसारख्या," आई करवादली. पण धाकटीला उठवायला गेली तर तिचे पाय कापडासारखे दुमडले. ओठ निळसर पडले होते आणि ती मला 'आई' म्हणून हाक मारत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला, आणि नर्सला हाताने खूण केली. दोन्ही हातांत सलाईन लागलं.

"पाळी कधी आली होती? आत टॅम्पॉन आहे का?"

"नाही," धाकटी पुटपुटली. ती खोटं बोलत नव्हती.

"अहो बाई, लग्न व्हायचंय तिचं," आई म्हणाली. "असलं काय विचारता?"

डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढून पाहिलं. दोरा नव्हता. "काल बाहेर काही खाल्लं होतं का?" त्या आईकडे वळल्या.

त्या भलत्याच वाटेने निघाल्या होत्या आणि रक्तदाबाचा काटा खालीच चालला होता.

"दोरा दिसणार नाही," मी म्हणाले. "आम्ही कापतो तो. पोहताना दिसू नये म्हणून. तिला वाटतंय, पाण्यात पडला."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परकी कोणी आहे. डॉक्टरीणबाईंनी मात्र हातमोजे चढवले. "हिचा हात धर घट्ट," त्या मला म्हणाल्या. मग चिमटा खणखणला, ट्रेमध्ये काळपट बोळा पडला आणि वास सुटला.

"योनीत एरवीही नाना जंतू असतात," त्यांनी आईला सांगितलं. "बहुतेक बापडे राखणच करतात. पण त्यांतला एखादा वाईट निघतो. रक्ताने भिजलेला बोळा आत राहिला की तो माजतो आणि विष सोडतो. ते रक्तात भिनलंय."

"वाचेल ना?"

"औषध चालू केलंय. आता काटा वर यायला हवा."

आई आणि मी त्या काट्याकडे पाहत बसलो. नर्स यायची, फुगा दाबायची, आकडा लिहून जायची. एकदा खाली गेला तेव्हा आईने माझा पदर मुठीत धरला. पुढच्या खेपेला नर्स म्हणाली, "जरा वर आलाय."

धाकटी वाचली. तळहातांची, तळपायांची साल मात्र पापुद्र्यासारखी निघाली.

बगळीने कात्री फेकून दिली, संघ सोडला; पुढे ती परदेशी गेली, तिथेच वारली. संघ मोडला आणि सर शाळेत कवायत शिकवू लागले. डॉक्टरीणबाई म्हातारपणापर्यंत त्याच दवाखान्यात राहिल्या. आई नाती वयात आल्यावर भर जेवणात, जावयांसमोर विचारायची, "काढलास का गं वेळेवर?" जावई पानात डोकं घालायचे. आईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

धाकटीने टॅम्पॉनला परत हात लावला नाही. साठी उलटली तरी पोहते. मी काठावर खुर्ची टाकून बसते. ती बुडी मारते आणि तिचं डोकं वर येईपर्यंत मी खुर्चीतून अर्धी उठलेली असते.