नॉक्रॅटिसची देवी

सासूबाईंनी देवी कॅनॉलमध्ये सोडली. ती आमची असती तर एक वेळ ठीक, पण ती म्युझियमची होती.

मी बर्मिंगहॅमच्या एका छोट्या म्युझियममध्ये आहे. शाळेतल्या मुलांना हाताळायला द्यायच्या वस्तूंची पेटी घेऊन मी फिरते. सकाळी थेट शाळेत जायचं म्हणून पेटी आदल्या संध्याकाळी घरी आणली. त्यात नाईलकाठच्या नॉक्रॅटिस या प्राचीन ग्रीक बंदरातल्या वस्तू होत्या: एक दिवा, मद्याच्या रांजणाचा कान आणि वीतभर उंचीची, भाजलेल्या मातीची देवी.

आईंना मीच हौसेनं सगळं सांगत बसले. ग्रीक व्यापारी तिथे चांदी, तेल, मद्य आणायचे आणि गलबतं धान्यानं भरून न्यायचे. समुद्रातून सुखरूप पोचू दे म्हणून देवीच्या देवळात अशा मूर्ती वाहायचे.

"म्हणजे परत आणणारी देवी," आई म्हणाल्या.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. रविवारी त्यांचं विमान होतं. बाबा गेल्यापासून त्या साताऱ्यात एकट्या. त्यांना इथे आमच्याजवळ राहू द्या, म्हणून केलेला अर्ज नामंजूर झाला होता आणि वकिलानंही हात टेकले होते. माझा नवरा सुयश तर आईसमोर बसायचंच टाळत होता.

सकाळी पेटी उघडी, शेजारी हळदकुंकवाची कुयरी आणि देवी गायब.

"अहो आई, मूर्ती कुठंय?"

"विसर्जन केलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "काल दिवेलागणीला गाऱ्हाणं घातलं, मला इथं परत आण म्हणून. मग कुंकू लावताना बघते तर हात तुटलेला! भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, अनुया."

रोजच्यासारखं दारातून "येते गं" म्हणून त्या फिरायला गेल्या होत्या. देवी शालीत होती.

"आई, ती अडीच हजार वर्षांची आहे! माझी नोकरी जाईल!"

"मुलांच्या हातात देतात म्हणालीस," त्या पुटपुटल्या. "मला वाटलं, दुकानातली असेल."

सुयशनं काठीला जाळी बांधून कॅनॉल ढवळला. एक बूट निघाला आणि मणभर चिखल. मी म्युझियममध्ये फोन केला. पलीकडे नुसतं "ओह डिअर". त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. त्या बंदरातही भंगलेल्या मूर्ती फेकत नसत, देवळाच्या आवारातच पुरत. हे मी प्रत्येक शाळेत सांगते. आईंनीही तेच केलं होतं, फक्त पाण्यात; त्यांच्यावर ओरडायलाही मला धड जागा उरली नव्हती.

त्या काठावर उभ्या होत्या, पदराखाली हात घेऊन.

"सोडताना पुनरागमनाय च म्हटलं नाही गं," त्या म्हणाल्या. "भंगलेलीला परत ये कसं म्हणायचं?"

मला रडू आलं. त्यांना जवळ घेतलं.

रविवारी विमानतळावर मी वाकून नमस्कार केला. आईंनी पाठीवरून हात फिरवला, सुयशची कॉलर नीट केली आणि बॅग हातात घेतली.

"जाते हं," त्या म्हणाल्या.