टाकीच्या तळाची तोटी

तळघरात एवढी माणसं मावतात हे वृद्धाश्रमात आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. बॉयलरपाशी, तेलाच्या टाकीभोवती, थेट जिन्यापर्यंत आजी-आजोबांची दाटी झाली होती आणि प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली होती. टाकीला टेकवलेल्या शिडीवर ऊबबाबा चढले होते. खालून येणारी बाटली घ्यायची, डोळे मिटायचे, फुंकर मारायची आणि पाणी टाकीत ओतायचं, असं चाललं होतं.

"पाणी म्हणजे काय? झोपलेलं तेल!" बाबा गरजले. "त्याला कंपनं दिली की जागं होतं. विज्ञान अजून इथवर पोचलं नाही. पोचेल, पोचेल, बिचारं चालत येतंय!"

सगळे खो खो हसले. मग रखवालदाराने मोजकाठी बुडवली. ही आश्रमाची जुनी रीत. रोज न्याहारीनंतर काठी टाकीत जायची, ओल कुठवर आली ते पाहून रखवालदार आकडा ओरडायचा आणि तो ऐकून म्हातारी मंडळी जास्तीचे मोजे चढवायची. पण बाबा आल्यापासून आकडा खाली यायचं नावच घेत नव्हता.

"कालच्याइतकंच आहे!" रखवालदार ओरडला आणि टाळ्या पडल्या.

बाबांनी लांब दांड्याच्या डावाने टाकीतलं वरचं तेल काढलं, दाराबाहेर नेलं, त्यात चिंधी भिजवून पेटवली. चिंधी भडभडा जळाली. "बोला, पाणी असं जळतं? संशय म्हणजे गार वारा, मंडळी. दार लावून घ्या!"

जिन्यात उभी असलेली एक बाई हे बघून कपाळाला हात लावून बसायचीच बाकी होती. तिला इथे 'पंपवाली' म्हणत. शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांना तेलाच्या बॉयलरच्या तावडीतून सोडवून स्वस्त, स्वच्छ ऊब मिळवून द्यायची, ही तिची नोकरी. या आश्रमाच्या मागे मात्र ती नोकरीपलीकडे लागली होती, कारण तिची आत्या इथे राहायची. तेल महाग, म्हणून ऐन थंडीत बॉयलर मंद ठेवला जाई आणि आत्याची छाती भरून येई. मागच्या हिवाळ्यात ती जेमतेम वाचली होती. तेव्हापासून पंपवालीने वर्गणी गोळा करून हीट पंपाचा निधी आश्रमाच्या खात्यात जमवला होता आणि आज मंजुरीची बैठक होती.

हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणतो, हे तिने आश्रमाच्या समितीला परोपरीने सांगितलं होतं. फ्रिजच्या पाठीला हात लावून बघा, तोही आतली उष्णता बाहेर टाकतो, असंही सांगून झालं. तेव्हा व्यवस्थापक म्हणाले होते, "गार हवेतून ऊब? बाई, आम्ही काय दूधखुळे वाटलो?" तेच व्यवस्थापक आता बाटली घेऊन रांगेत उभे होते.

"साहेब, बैठक?" तिने विचारलं.

"कसली बैठक? टाकी आपोआप भरतेय. निधी बाबांच्या कंपनस्तंभाला दिला. तांब्याचा आहे, इथेच उभा करणार."

 गर्दीतून वाट काढत ती टाकीपाशी पोचली.

"ऐका हो जरा! तेल हलकं, ते पाण्यावर तरंगतं. तुम्ही ओतता ते पाणी तळाशी जातं आणि तेल वर उचललं जातं. काठीला ओल कळते, तेल कळत नाही. आणि बाबांचा डाव नेहमी वरूनच बुडतो."

"मग बॉयलर कसा चालतो?" एका आजोबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

"गाळ ओढला जाऊ नये म्हणून बॉयलरची नळी तळापासून वीतभर वर बसवलेली आहे. पाणी तिथवर चढलं की संपलं." तिने वाकून तळाच्या तोटीखाली बादली धरली आणि तोटी उघडली. आधी काळा गाळ आला. मग पाणी. नितळ, खळखळणारं पाणी.

पुढचे वाकून बादलीत बघू लागले. पळभर तिला वाटलं, जिंकले.

"पाहिलंत!" बाबा शिडीवरून म्हणाले. "संशयी नजर पडली आणि तेल पुन्हा झोपलं! पण या पाण्यात माझी कंपनं आहेत बरं का. गुडघ्यांना उत्तम."

झालं. मघाशी बाटल्या रिकाम्या करणारे आता त्याच बाटल्या भरायला रेटारेटी करू लागले. "निदान सगळं पाणी काढून तरी टाका," ती विनवत राहिली. पण बाटल्या भरताच व्यवस्थापकांनी तोटी बंद केली. बाबांची ठेव रिकामी करायची नव्हती त्यांना. दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर ओतणं पुन्हा सुरू झालं.

आठवडा सरायच्या आत बॉयलरचा बर्नर खोकला, थडथडला आणि विझला. बर्नरला तेल पुरवणारा पंप पाण्याने गंजून अडकला होता. नवा भाग यायला वेळ लागणार होता. सगळ्यांना जेवणघरात गोधड्यांखाली बसवण्यात आलं. ऊबबाबा तोवर एका वसतिगृहात पोचले होते. तिथेही तेलाची टाकी होती. आणि आश्रमात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, पंपवालीने तोटी उघडली आणि घात झाला.

ती आत्याजवळ जाऊन बसली. आत्याच्या छातीतली घरघर टेबलापलीकडे ऐकू येत होती. आत्यानेच तिला लहानपणी वाटीत पाणी आणि तेल ओतून दाखवलं होतं, वर काय आलं ते ओळखायला लावलं होतं.

"आत्या, तुलाही ते खरं वाटलं?"

"छे गं. तेल वर येतं, मला कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

आत्या बराच वेळ खोकली. "तुझा पंप बसणार पुढच्या थंडीत. बाबा म्हणत होता, ऊब आजच. पुढच्या थंडीला मी असेन का गं? म्हणून म्हटलं, ओतावी बाटली."

 आपला कोट काढून तिने आत्याच्या पायांवर घातला.

तेव्हा वाचकहो, एवढंच मागणं आहे. कुणी कुडकुडत असेल तर त्याला ऊब लवकर द्या, नाहीतर कुणीतरी बाबा तिची दुकानदारी मांडतोच. आणि कुणी वरचा थर दाखवून चमत्कार म्हणाला, तर भांडू नका, वाका आणि तळाची तोटी उघडून बघा. पाणी निघालं तर त्याला पाणीच म्हणा.

बर्नर दुरुस्त झाला तेव्हा टाकी पाणी काढून पुन्हा तेलाने भरली, उधारीवर. रखवालदार काठी बुडवून आकडा ओरडला. जेवणघरातली आत्याची खुर्ची तोवर कायमची रिकामी झाली होती.