हिरवळीपलीकडचा कट्टा

"अहो, हात तरी सोडा, पडेन ना मी," सूरजबाई म्हणाल्या. पण बन्सीलालशेठ कसले ऐकतात! नाशिकच्या एसटीतून उतरलेल्या बायकोला त्यांनी घोटभर पाणीही न देता थेट परसदारी आणून उभं केलं.

"हं, बघ आता! म्हणे, नवऱ्यानं आयुष्यभर नुसतं कापडच फाडलं!"

सूरजबाई लेकीच्या, नीलमच्या, बाळंतपणाला गेल्या होत्या. तेवढ्यात शेठनी जुन्नरच्या घरामागचं उघडं अंगण पार बदलून टाकलं होतं. कापडाचं दुकान आता मुलगा बघत होता, त्यामुळे हौसेला वेळ भरपूर. हाताशी डिंभ्याचा संपत माळी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लॉन, कडेनं पांढऱ्या तुऱ्यांचं उंच गवत, आळेफाट्याच्या नर्सरीतून आणलेलं, आणि मधोमध छोटंसं कारंजं. पलीकडचा कडुनिंबाखालचा दगडी कट्टा मात्र तसाच ठेवला होता, कारण तो सूरजबाईंचा. रोज सकाळी तिथं बसून त्या पाखरांना ज्वारी टाकत आणि नवकाराची माळ ओढत.

"लई भारी धरलंय गवत, काकू," संपत म्हणाला. "अनवाणी चालून बघा. गादीवानी लागतंय."

सूरजबाई पायरीवरच थांबल्या. कट्ट्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. "छान केलंत हो," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या पायरीवर बसूनच ज्वारी टाकू लागल्या. पाखरं दाराजवळ यायला बिचकत. शेठना वाटलं, प्रवासाचा शीण असेल, गुडघे दुखत असतील. आठवडाभरानं त्यांनी लॉनवर दोन खुर्च्या मांडल्या आणि चहा मागवला. सूरजबाई कप घेऊन पायरीवर उभ्या राहिल्या, हात लांब करून.

"अगं, ये की इकडे! कोणासाठी केलंय हे सगळं?"

"माझा नियम आहे ना. हिरव्यावर पाय द्यायचा नाही, त्यात जीव असतो."

"हा कधी घेतलास?"

"नीलम झाली तेव्हा, चातुर्मासाला आलेल्या महाराजसाहेबांसमोर. तुम्ही होतात की शेजारी."

होते खरे शेजारी. दिवाळीला माल कुठून भरायचा याचा विचार करत असणार, दुसरं काय! मग शेठना एकेक आठवायला लागलं. लेण्याद्रीच्या पायथ्याशी सगळे गवतात सतरंजी टाकून जेवायला बसले, तेव्हा ही ऊन लागतं म्हणून गाडीतच बसून राहिली होती. शेतातून जाताना ही बोडक्या बांधानं वळसा घेत यायची आणि आपण पुढं उभं राहून ओरडायचो, "चल लवकर! किती रेंगाळतेस!" ओरडलो दर वेळी, पण का वळसा घेतेस म्हणून एकदाही विचारलं नाही. शेठना स्वतःची लाज वाटली.

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही?"

"तुमचा चेहरा बघून धीर झाला नाही."

"संपतला सांगतो, सगळं उपटून टाक."

"नको! माझ्यापायी इतके जीव कशाला?"

"बरं, मधून फरशा टाकून वाट करतो."

"त्याखालीही दबेलच ना गवत. राहू द्या. मला पायरी पुरते."

पायरी पुरत नव्हती, हे शेठना रोज दिसत होतं. माळ हातात घेऊन त्या कट्ट्याकडे बघत बसायच्या, आणि ज्वारी बरीचशी वाटीतच राहायची. माघात तापाचं निमित्त झालं आणि सूरजबाई गेल्या.

त्यानंतर लॉनला पाणी घालायचं कुणाला सुचलं नाही. वैशाखापर्यंत अंगण पिवळं पडलं, मग पूर्वीसारखी उघडी माती दिसू लागली. कारंज्यात कडुनिंबाचा पाला साठला.

एका सकाळी शेठ ज्वारीची वाटी घेऊन परसदारी आले. चपला पायरीवर काढल्या. कट्टा समोरच होता. पण वाटेत, कारंज्याच्या गळक्या नळापाशी, गवताचा एक हिरवा पट्टा अजून तग धरून होता. शेठ थबकले. मग भिंतीच्या कडेनं, वाळलेल्या तुऱ्यांना धक्का न लावता, वळसा घालून निघाले. गुडघे आता त्यांचेही दुखत होते, चाल मंदावली होती. पुढं उभं राहून "चल लवकर" म्हणणारं कुणी नव्हतं.