न सुटणारा हात

वडिवूचं बाळ सात महिन्यांचं झालं तरी मान धरत नव्हतं. उचललं की ओल्या पंच्यासारखं हातावर लोंबायचं. रडायचं तेही आवाजाविना. तोंड वासायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि शेजारच्या खोलीतही कुणाला काही कळायचं नाही. बायका म्हणायच्या, वेशीवरच्या इसक्की देवीनं पोराचं बळ ओढून घेतलंय.

तिरुनेलवेलीच्या डॉक्टरांनी तरी काय मोठे दिवे लावले! वडिवूचा नवरा सुडलै तिचा सख्खा मामा, हे कळताच सगळ्यांना उत्तर मिळालं. जवळच्या रक्तातलं लग्न, दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं असणार. बाळाचं रक्त पुन्हा पुन्हा काढलं, तसला एकही आजार निघाला नाही, तरी दुसरीकडे बघायला कुणी तयार नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आता वडिवूला पुन्हा दिवस गेले होते. पोटातलंही असंच निघेल का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. म्हणून बाळाला आणि आपल्या आईला, अम्माला, घेऊन ती मदुरैला डॉक्टर अर्पुदमबाईंकडे आली.

बाईंनी बाळाला तपासलं, पण जास्त वेळ त्या वडिवूकडेच बघत राहिल्या. अर्धवट मिटलेल्या पापण्या, खोल गेलेली कानशिलं, हसू न उमटणारा चेहरा. मग त्यांनी आपला हात पुढे केला. वडिवू गोंधळली. तिच्या गावाकडे हात हातात कोण घेतं, लांबूनच जोडतात. बाई म्हणाल्या, घट्ट दाब, आणि आता सोड.

वडिवूनं दाबला, पण सोडताना तिची बोटं उघडली नाहीत. आपल्याच हाताकडे ती तो परक्याचा असल्यासारखी बघत राहिली. पहाटेच्या गारठ्यात बोटं आखडतात हे तिला ठाऊक होतं, पण सगळ्यांचीच आखडतात असं अम्मानं सांगितलं होतं. बऱ्याच वेळानं बोटं एकेक करून उलगडली.

"मामाशी लग्न केल्यानं हे झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "हा स्नायूंचा आजार आहे, आणि तो तुझ्यात आहे. आईत थोडा असतो, लेकरात उतरताना वाढतो. पोटातल्याला गेलाय का, ते तपासता येईल."

मग त्यांनी पेचियम्माळकडे, वडिवूच्या अम्माकडे, हात मागितला. अम्माचे हात पदराखाली होते. ती उठली, पुरे झाली ही तपासणी म्हणाली, आणि वडिवूचं मनगट पकडून तिला दाराकडे ओढत निघाली.

दाराशी वडिवू थांबली. "सोड अम्मा."

अम्मा सोडेना. वडिवूनं तिच्या तोंडाकडे बघितलं. अम्मा सोडायचाच प्रयत्न करत होती.

"सुटेल. जरा थांब," अम्मा खालच्या आवाजात म्हणाली. "म्हणून तर तुला परक्या घरी दिलं नाही. लग्नात नवऱ्यानं हात धरल्यावर चारचौघांत तुझा सुटला नसता तर? सुडलै माझा हात बघतच वाढलाय. तो कुणाला बोलला नसता."

"आणि माझं बाळ?"

वडिवूनं तिथूनच मान वळवून बाईंना सांगितलं, पोटातल्याचं तपासा. अम्मा रडत नको नको म्हणत होती, आणि तिची बोटं वडिवूच्या मनगटावर तशीच आवळलेली होती.